दोन विटांवरचा पंप

मामा, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्याचे पाहुणे पांगले, मांडववाला ताडपत्री घेऊन गेला आणि मी शिक्रापूरला परत येऊन ड्यूटीवर हजर झालो. सुपरवायझरनं विचारलं, "कोण होतं?" मी म्हणालो, "मामा." तो म्हणाला, "वय?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि मला तिसऱ्या नंबरच्या प्रेसवर पाठवलं.

तुम्हाला सांगायची एक गोष्ट माझ्याकडे सात महिने पडून आहे. चैत्रात आपले मासे मेले तेव्हा मी चारचौघांत म्हणालो की ते तुम्ही मारले. त्यात निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं सांगायचं म्हणून मी नंतर चार वेळा तरी तुमच्या गावी, राहूला आलो आणि चहा पिऊन परत गेलो. आज ते सांगायला बसलोय. पण माझी खोड तुम्हाला माहीत आहे. मशीन का बंद पडलं हे सांगण्याआधी मशीन काय होतं ते मी सांगणारच. तुम्ही मामीला म्हणायचात, "ह्याला च्या पितो का इचारलं तर ह्यो म्हशीपासनं सुरू करतंय." तर म्हशीपासून सुरू करतो.

मोबाइलवर एक व्हिडिओ बघून मला हे वेड लागलं. एका टाकीत मासे. त्यांच्या घाणीचं पाणी पंपानं वर उचलायचं, खडी भरलेल्या वाफ्यांत सोडायचं. वाफ्यात पुदिना, पालक, टोमॅटो. झाडं ती घाण खातात, पाणी साफ होऊन परत टाकीत उतरतं. माती नाही, खत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये मी गच्ची मागितली तर सेक्रेटरीनं असं तोंड केलं की मी गच्चीवर म्हैसच बांधणार आहे. मग मी तुमच्याकडे आलो. तुम्ही अंगणात खाटेवर बसून सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजी मासं शेतकरी आन् आपन नुसतं खानार. लई ब्येस हाय. त्या भिताडाकडंला मांड."

मला वाटलं होतं, तुम्ही जागा द्याल आणि बाजूला व्हाल. हा माझा पहिला चुकलेला अंदाज. ज्या माणसानं शेजारच्या आबांना आणि आणखी चौघांना गोळा करून भीमेपासून वावरापर्यंत दीड मैल पाइप गाडला, चाळीस वर्षं त्या लाइनीचा प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतः फिरवला, तो अंगणात पाणी फिरणार म्हटल्यावर बाजूला कसा होईल? पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा तुम्ही डोक्याला टॉवेल बांधून तयार होतात. हजार लिटरची काळी टाकी वरून कापून ठेवली होती. निळी पिंपं उभी चिरून त्यांचे तीन वाफे केले होते. मला फक्त पाइप आणि पंप घ्यायला बरोबर यायची परवानगी होती.

केडगावच्या त्या दुकानातला अर्धा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो.

"पाणी किती उचलायचं?" दुकानदारानं विचारलं.

"चार फूट," मी म्हणालो.

तुम्ही दुकानदाराकडे बघून हसलात. "चार फूट तर म्या बादलीनं उचलीन."

मी चाळीस वॉटचा पाण्यात बुडणारा पंप मागितला. त्यानं मुठीत मावेल असा एक काढून काउंटरवर ठेवला. तुम्ही तो उचलला, उलटा केला, वायर ओढून बघितली आणि खाली ठेवलात. "हा कूलरमदला हाय."

"तोच हवाय, मामा."

"अरे, पाचाची न्हाई, तिनाची न्हाई, निदान अर्ध्या एचपीची तर घे. लोकं बघायला येतील. त्यांनला हे दावू?"

मी हिशेब सांगितला. हजार लिटरची टाकी, पाणी तासाला एकदा फिरलं की झालं. मोठी मोटार लावली तर मासे घुसळून निघतील, वाफे वाहून जातील आणि वर लाइट बिल येईल ते वेगळं. तुम्ही ऐकलंत, पण तुमचा डोळा खोक्यावर होता. "ह्यावर धा फूट लिवलंय. आपल्याला चार पायजे. मंग ह्याच्याहून ल्हान का न्हाई घेत?"

प्रश्न बरोबर होता आणि आमच्या कंपनीत डिप्लोमा करून आलेली पोरंही तो विचारत नाहीत. मी म्हणालो, "दहा फुटांवर ह्याचं पाणी नुसतं उभं राहतं, मामा. बाहेर थेंब पडत नाही. जितकं खाली घ्याल तितकं पाणी जास्त."

तुम्ही खोका फिरवून बघितलात. "आमच्या लाइनीचं शेवटचं वावर. तितं पानी नुसतं पाइपात उबं ऱ्हातंय."

"हां. तसंच."

"मंग घे," तुम्ही म्हणालात आणि दुकानदाराला समजावायला लागलात की खोक्यावरचा आकडा खरा धरायचा नसतो. मी तीन वाक्यांत सांगितलं ते तुम्ही एका वावरात बसवलंत. मला त्याचा थोडा रागही आला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

पाइपांवरून मात्र आपलं जुंपलं ते घरी येईपर्यंत. वर चढवायला पाऊण इंच आणि खाली उतरवायला दोन इंच, असं मी म्हणालो तेव्हा तुम्हाला वाटलं की मी उलटं बोलतोय. "चढाला जोर लागतो, तिथं जाड पाइप पायजे. उतारानं तर पानी आपसूक येतंय. त्याला दोन इंची रस्ता कशाला?" मी म्हणालो, वर जाताना मागून पंप ढकलतो, खाली येताना ढकलणारं कोणी नाही. त्यात मुळ्या येणार, गाळ येणार, आणि परतीचा पाइप तुंबला की वाफा भरून पाणी अंगणात. तुम्ही ऐकलं नाहीत. अर्धा इंची लावलात. तिसऱ्या दिवशी मामीच्या वाळवणावर पाणी गेलं आणि मामीनं तुम्हाला जे ऐकवलं त्यापुढे माझं सगळं शिक्षण फिकं होतं. त्या रविवारी दोन इंची पाइप भिंतीला टेकवून ठेवलेला होता. तुम्ही करवत पुढे केलीत, मी तो बसवला.

पण वळणांच्या बाबतीत तुम्ही मला हरवलंत. मी पिशवीभर एल्बो, वळणाचे काटकोनी जोड, आणले होते. तुम्ही ते बाजूला सारलेत, कोपऱ्यात उसाचं पाचट पेटवलंत, पाइपात वाळू भरली, तोंडं कागदाच्या बोळ्यांनी बंद केली आणि जाळावर गोल गोल फिरवत पाइप मऊ केलात. मग गुडघ्यावर घेऊन त्याला असा बाक दिलात की कुठे सुरकुती नाही. "काटकोनात पानी अडकळतं. त्याला वळाया जागा दे." मी मनातल्या मनात घर्षणाचं गणित केलं. तुमचं बरोबर होतं. एल्बो अजून माझ्या कपाटात आहेत.

एक भांडण तसंच राहिलं. तुमच्याकडे लाइनीवरचा जुना पितळी व्हॉल्व्ह होता, घासून सोन्यासारखा केलेला, आणि तो तुम्हाला इथे बसवायचा होता. मी नको म्हणालो. पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं, माशांना ते विष. तुम्ही म्हणालात, "आमी तांब्याच्या तांब्यानं पानी प्यालो, आमी मेलो का?" मी म्हणालो, तुम्ही मासे नाही. तुम्ही म्हणालात, "मासं तरी कुठं डाक्टर हायेत?" प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह बसला, पण पितळी तुम्ही टाकीशेजारी खिळ्याला अडकवून ठेवलात. मी आलो की त्याच्यावरून एकदा हात फिरवायचात, मला दिसेल असा.

भिगवणच्या बाजूनं आपण चिलापी माशांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, आणली, चाळीस. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, आतल्या-बाहेरच्या पाण्याची ऊब सारखी झाली आणि तुम्ही ती सोडलीत. पंप चालू केला. वाफ्यात पाण्याची बारीक धार पडायला लागली. आबा बघायला आले होते. ते म्हणाले, "ही तर पोर मुतल्यागत हाय की रं." तुम्ही त्यांना अख्खं गणित सांगितलंत, तासाला एक टाकी, दहा फूट, शेवटचं वावर, सगळं. जणू ते तुम्हीच शोधून काढलं होतं. मी चहा प्यालो. तो दिवस फार चांगला गेला.

नंतर जे झालं ते मी धरलंच नव्हतं. ते मासे माझ्यासाठी यंत्राचा एक भाग होते. खाद्य आत, खत बाहेर. तुम्ही त्यांना जित्राब म्हणायला लागलात, गुराढोरांना म्हणतात तसं. सकाळी त्यांना खाद्य टाकल्याशिवाय तुम्ही भाकरीला हात लावत नव्हता, असं मामी सांगायची. तुमच्या वडिलांची मेंढरं होती, बारा वर्षांचे होईपर्यंत तुम्ही त्यांच्या मागे कोकणात उतरून परत यायचात, हे मला आईकडून माहीत होतं. पण जमीन आली, लाइन आली, मेंढरं गेली, आणि मी तुम्हाला कधी शेळीसुद्धा पाळताना पाहिलं नव्हतं. सत्तरीत तुम्ही टाकीच्या काठावर बसून तोंडानं बारीक शिट्टी घालायचात आणि मला सांगायचात की मासे ती ओळखतात. मी म्हणायचो, ते तुमची सावली ओळखतात. "मंग सावली तर सावली," तुम्ही म्हणायचात.

आता पंपाचं. टाकीत पंप मी दोन विटा उभ्या करून त्यावर ठेवला होता, तळापासून वीतभर वर. कुठे पाइप निसटला आणि पंप पाणी बाहेर फेकत राहिला, तर पाणी विटांपर्यंत येईल, पंप कोरडा पडेल, आणि माशांना वीतभर पाणी उरेल. वीतभर पाण्यात चिलापी दिवसभर तग धरते. तेवढीच त्या विटांची नोकरी. हे मी तुम्हाला एकदा सांगितलं, घाईत, निघताना, मोटरसायकलवर बसल्यावर. नीट सांगितलं नाही.

तुमची सगळी हयात विहिरीत आणि नदीत पाइप टाकण्यात गेली. तिथे शेवटचं बोट पाणीही ओढायचं असतं, उन्हाळ्यात त्या बोटभर पाण्यावर ऊस निघतो. पंप वीतभर वर लोंबकळत ठेवणं म्हणजे पाणी सोडून देणं. शिवाय तुमचं एक कारण पक्कं होतं, घाण तळाला बसते आणि झाडांना तीच हवी असते. म्हणून चैत्रात कधीतरी तुम्ही विटा काढून पंप तळाला ठेवलात. आपल्या भागातला कुठलाही पाणीवाला माणूस हेच करेल.

आणि माझं. त्याआधीच्या रविवारी आपण चौथा वाफा जोडला. मी लाइन कापून तिथे एक टी, तीन तोंडांचा जोड, घातला. चिकटवायला गेलो तर सोल्यूशनचा डबा आतून खडखडीत वाळलेला. झाकण मागच्या वेळी मीच उघडं ठेवलं होतं. तुम्ही मामीबरोबर मळ्यात होतात. मी टी तसाच कोरडा दाबून बसवला, हातानं पिरगाळला, दहा मिनिटं पंप चालवून बघितला. गळालं नाही. पुढच्या रविवारी नवा डबा आणून चिकटवू म्हटलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही तेव्हाच केडगावला पाठवलं असतंत आणि मला घरी जायची घाई होती. पुढच्या रविवारी ओव्हरटाइम लागला. मी आलो नाही.

कंपनीत तात्पुरता जोड केला की त्याला लाल टॅग बांधायचा असतो, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं. हे नव्या पोरांना मीच शिकवतो. अंगणात मी टॅग बांधला नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी तुम्ही दोघं दौंडला लेकीच्या घरी लग्नाला गेलात. दुपारचं ऊन पाइपावर पडलं, पाइप तापून सैल झाला आणि टी निसटला. टाकी तळापर्यंत रिकामी झाली, पंपही जळाला. संध्याकाळी तुमचा फोन आला. तुम्ही एवढंच म्हणालात, "संज्या, मासं गेलं." मी विचारलं, किती? "समदं," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्ट होती, सकाळी आलो. अंगणात आबा होते, तुम्हाला सोडायला आलेले तुमचे व्याही होते, शेजारची दोन-तीन माणसं होती. मासे तुम्ही आधीच लिंबाखाली पुरले होते. मी टाकीत वाकून बघितलं. तळाला पंप आडवा पडलेला.

"मामा, विटा कुणी काढल्या?"

"म्या काढल्या."

"मग झालं. मासे तुम्हीच मारले."

मी हसत म्हणालो होतो. आबा हसले, व्याही हसले. आबा म्हणाले, "जलमभर पानी दिलं आन् शेवटी माशाचं पानी तोडलं व्हय?" तुम्हीही हसलात. थोडंसं. आणि मी काय केलं ते आता सांगतो. कोणी विचारायच्या आत मी तो निसटलेला पाइप उचलला. चिकटवलेला जोड उपटला तर सोल्यूशनचा पांढरट डाग राहतो. ह्याचं तोंड दुकानातून आणल्यासारखं स्वच्छ होतं. मी ते तोंड भिंतीकडे करून पाइप उभा ठेवला आणि विटांवर पंप का ठेवायचा असतो ह्याच्यावर सगळ्यांना पाच मिनिटं लेक्चर दिलं.

बिघाड झाला की आम्ही कंपनीत एक कागद भरतो. हे का झालं? त्याचं उत्तर आलं की, ते का झालं? असं पाच वेळा विचारायचं, तरच खरं कारण हाती लागतं. मी असे शेकड्यांनी कागद भरलेत. तुमच्या अंगणात मी पहिल्याच उत्तराला थांबलो, कारण त्यात तुमचं नाव होतं. पाणी बाहेर का गेलं, हा दुसरा प्रश्न होता. तो मी विचारला नाही आणि दुसऱ्या कोणाला सुचला नाही.

तुम्हाला सुचला होता का? हे मला माहीत नाही. चाळीस वर्षं पाइप जोडलेला माणूस निसटलेल्या पाइपाचं तोंड बघितल्याशिवाय राहील, असं मला वाटत नाही. बघितलं असेल तर तुम्ही का बोलला नाहीत? आणि नसेल बघितलं, तर माझ्या बोलण्यावर तुमचा एवढा विश्वास होता का, की बघायची गरज वाटली नाही? ह्यातलं कुठलंही उत्तर मला सोपं जात नाही.

मला वाटलं, महिनाभरात नवी बोटुकली आणू, नवा पंप आणू, विषय संपेल. मी पंप आणलाही. तुम्ही तो खोक्यातून काढला नाहीत. "बघू," म्हणालात. वैशाखात म्हणालात, "ऊन लई हाय." आषाढात म्हणालात, "पाऊस होऊ दे." गणपतीत मी म्हणालो, "मामा, आता तरी टाकी भरू." तुम्ही म्हणालात, "तुझं तू कर. म्या हात लावत न्हाई." मला वाटलं, म्हातारपणी माणसाचा कंटाळा वाढतो. तेव्हा सांगता आलं असतं. अंगणात आपण दोघंच होतो. मामी आत पोहे करत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पुदिना सगळा वाळला की."

मग दिवाळी झाली आणि तुम्ही गेलात. सकाळी उठलात, चूळ भरलीत, खाटेवर बसलात, आणि गेलात. मामी म्हणते, काही त्रास झाला नाही. गुऱ्हाळांची धुराडी पेटली होती, ऊसतोड सुरू होती, त्यामुळे माणसं वावरातून तशीच आली, अंगाला पाचटाची कूस लागलेली. मी खांदा दिला. मला रडू आलं नाही. मी बघत होतो की तिरडीची दोरी कुठे सैल आहे.

तेराव्याला जेवणं झाल्यावर मंडळी अंगणात बसली. तुमच्या गोष्टी निघाल्या. लाइन गाडताना खडक फोडायला तुम्ही त्यावर कसा जाळ केलात, लाइट आली की हातातला घास टाकून मोटारीकडे कसे पळायचात. मग आबांनी माशांची गोष्ट काढली. अगदी मायेनं. "आन् शेवटी काय केलं म्हातार्‍यानं? चाळीस मासं मारलं बघा एका फटक्यात." सगळे हसले. डोळे पुसत हसले.

मी म्हणालो, "आबा, ते मामांनी नाही मारले."

"आँ?"

"विटा मामांनी काढल्या, खरंय. पण पाइप मी जोडला होता. सोल्यूशन लावलं नव्हतं. कोरडाच बसवला होता, म्हणून निसटला. तो निसटला नसता तर विटांचं काही कामच नव्हतं. मला माहीत होतं. मी तेव्हा बोललो नाही."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "सोल्यूशनच न्हवतं व्हय? मंग उन्हानं निघनारच की त्यो."

तुमचे व्याही म्हणाले, "आन् लावायच्या आदी तोंड घासून घ्यावं लागतं. नुसतं लावून भागत न्हाई."

"व्हय, व्हय. आन् धरून ठेवावं लागतं."

मग कोणीतरी यंदा टोळ्या उशिरा आल्या म्हणालं आणि बोलणं उसाकडे गेलं. एवढंच. कोणी मला बोल लावला नाही, कोणी मान खाली घातली नाही. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही, मामा. सात महिने मी ज्याला भीत होतो ते एवढंसं होतं.

मामी दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. मंडळी उठल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. मला वाटलं, डबा देत असेल. ती ताटं एकात एक रचत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी परत टाकी का भरली न्हाई, म्हाईत हाय का तुला?"

"नाही, मामी."

"तुमचं मामा धा वर्साचं असताना त्यांच्या हातनं दोन कोकरं पान्यावाचून मेली व्हती. वाटंला. माझ्या सासऱ्यांनी मारलं न्हाई, काय न्हाई. नुसतं म्हनलं, तुझ्या हातनं गेली. लगीन झालं तवा मला सांगितलं व्हतं त्यांनी, पहिल्याच महिन्यात. आमच्यात जित्राब तहानेनं मेलं तर मानूस मान वर करून हिंडत न्हाई रं." तिनं ताटं बाजूला सारली. "मासं गेलं त्या राती जेवलं न्हाईत. मला म्हनलं, अजून बी माझ्या हातनं जित्राब पान्यावाचूनच मरतंय. आता ह्या हातांनी काय पाळायचं न्हाई."

मी खाली बसलो. मी म्हणालो, "मामी, माझं चुकलं." आणखी काय काय म्हणालो, ते आठवत नाही. मला फार लाज वाटली. अजून वाटते. तेव्हा रडलो मी, तिरडीच्या वेळी नव्हतो रडलो ते सगळं.

तिनं मला रडू दिलं. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "मला सांगून काय उपेग, संजू? माझं काय गेलं? त्यांनला सांग."

मामा, टी कोरडा होता. मी बसवला होता. तुमच्या हातून गेले नाहीत ते.